सरखेलांच्या घरचा बोरू

बेहाला, कोलकाता
१२ फेब्रुवारी १९८४

श्रीचरणी बौदी,

प्रणाम. आधी आनंदाची बातमी, बाकीचं मागून. आपलं हिजलडांग्याचं घर सरकार ताब्यात घेतंय. घाबरू नका, मानानं घेतंय. कविवर क्षेत्रनाथ सरखेलांचं स्मृतिसदन आपण बावीस वर्षं पदरमोड करून चालवलं. दादा होते तोवर दादांनी, ते गेल्यापासून अकरा वर्षं, थोरली वहिनी म्हणून, तुम्ही एकटीनं. आता छप्पर गळलं तर सरकार बघेल, भिंत खचली तर सरकार बघेल. राखण तुमच्याकडेच राहील आणि मागच्या दोन खोल्या तुमच्या हयातीपर्यंत तुमच्याच. तसा लेखी ठराव झालाय. त्यासाठी मी समितीपुढे पाऊण तास बोललो. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं, मी पाहू दिलं.

अट एकच आहे. जानेवारीत सरकारी पाकडाशीबाबू फोटोवाल्याला घेऊन आले होते, आठवतं ना? त्यांनी मोजून, फोटो काढून चाळीस वस्तूंची यादी केली आहे. २५ मार्चला, कविवरांच्या जयंतीला, ते फोटो घेऊन परत येतील आणि एकेक वस्तू ताडून पाहतील. त्याआधी घराण्यातर्फे मी तपासून सही करायची. एक वस्तू जरी हरवलेली किंवा बदललेली निघाली तर राखणदार बदलणार, आणि खोल्या नव्या राखणदाराला जाणार. हे कलमही मीच घातलं. ज्या समाजाला आपल्या वारशातलं खरंखोटं पाहण्याची लाज वाटते, त्याला उद्या कुणीही काहीही विकतं. तुमच्या बाबतीत त्या कलमाचं काम पडणार नाही. या घरातली सुईसुद्धा तुमच्या हातून हरवलेली नाही.

यादीत पहिला नंबर अर्थातच बोरूचा. विलायती निबाला न शिवता आजोबांनी ज्या एका बोरूनं चाळीस वर्षं लिहिलं, गोऱ्या कलेक्टराला ज्याच्या टोकानं घाम फोडला, तो बोरू. मी त्याला तलवार म्हणतो, हे तुम्ही ऐकलंच आहे. त्यावर मी किती भाषणं केली ते मोजलं नाही. अणिमा म्हणते, तिनं मोजलंय, एकशे बारा.

३ मार्चला येतो. खजुराचा गूळ शिल्लक असेल तर थोडा ठेवा.

तुमचा
भूपती


श्रीदुर्गा सहाय
हिजलडांगा
१७ फेब्रुवारी

कल्याणीय ठाकुरपो,

पाकिटाची जाडी बघून शशधर पोस्टमन म्हणाला, मास्तरबाबूंची सभा आली. मी दोन बैठकींत वाचली.

तू धाकटा दीर माझ्यासाठी भांडलास, बरं वाटलं. कलमही तूच घातलंस, तेही गिळते. मला दोन खोल्या कशाला, एक पुरते, पण ती तळ्याकडच्या खिडकीची. सोळाव्या वर्षी या घरात आले तेव्हापासून सकाळी पहिलं तोंड त्या तळ्याचं पाहते. ती खोली गेली तर मला तुझ्या बेहाल्याच्या दीड खोलीत यावं लागेल आणि तुझी भाषणं घरच्या घरी ऐकावी लागतील. लग्नापासून अणिमा ती कशी ऐकते, तिला एकदा विचारून ठेव.

एक विचारायचं होतं. ते फोटो कसे आलेत? मोघम आलेत की बारीकसारीकही दिसतं? म्हणजे एखादी काळी गाठ असली, डाग असला, तर तो कळून येतो का? शेजारच्या घोषालगिन्नी सहज विचारत होत्या.

आणि ३ तारखेला येण्याची घाई करू नकोस. गावात कांजिण्यांची साथ आहे. तुला लहानपणी आलेल्या नाहीत, मला पक्कं आठवतं. या वयात आल्या तर चेहरा खराब होईल, आणि तुला व्यासपीठावर उभं राहायचं असतं.

बाकी ठीक. सरस्वतीपूजा छान झाली. देवीपुढे दरवर्षीसारखं सगळं ठेवलं. खिचडी जरा करपली.

आशीर्वाद.
बौदी


बेहाला
२१ फेब्रुवारी

श्रीचरणी बौदी,

तुम्ही लपवलंत तरी मी ओळखलं. काळी गाठ, डाग, घोषालगिन्नींचं नाव पुढे करणं, मी येऊ नये म्हणून चाललेली धडपड, आणि गावात कांजिण्या. बौदी, कांजिण्या गावात नाहीत, तुम्हाला झाल्या आहेत. अंगावर डाग राहतील या काळजीनं तुम्ही फोटोची चौकशी करताय, कारण जयंतीला वर्तमानपत्रवाले येतील.

सोबत पुडी पाठवतोय. होमिओपॅथीवर माझी श्रद्धा तुम्हाला ठाऊक आहे. चार गोळ्या सकाळी उपाशीपोटी जिभेवर, चार संध्याकाळी. गोळ्यांना हात लावायचा नाही, बाटलीच्या टोपणातूनच तोंडात टाकायच्या. कांदा, लसूण, कापूर वर्ज्य. तुम्ही कांदा-लसूण तसाही खात नाही, म्हणजे अर्धं पथ्य आधीच झालं. डागांचं मनाला लावून घेऊ नका. ज्या बाईनं पुराच्या वर्षी कविवरांच्या हस्तलिखितांची पेटी डोक्यावर घेऊन छातीभर पाण्यातून वाट काढली, तिच्या चेहऱ्यावर डाग शोधणाऱ्याची लाज काढायला मी समर्थ आहे.

मी येतोच. कांजिण्यांना भिऊन मागे फिरणारा माणूस इतिहास शिकवायला लायक नाही.

भूपती


श्रीदुर्गा सहाय
हिजलडांगा
२५ फेब्रुवारी

कल्याणीय ठाकुरपो,

मला काहीही झालेलं नाही. तुझ्या गोळ्या गोड होत्या, मांजरीनं पुडी फोडून संपवल्या. तीही ठणठणीत आहे.

तू येणारच असशील तर आधी थोडं सांगून टाकते, म्हणजे इथे आल्यावर तुझा आवाज चढणार नाही. नंबर चौदा, कविवरांचा चष्मा. त्याची एक काडी मी तारेनं बांधली आहे, पण ती फोटोच्या आधीच, तेव्हा ती जुळेल. नंबर तेवीस, छत्री. गेल्या श्रावणात मी ती घेऊन बाजारात गेले होते. एकदाच. बरं, चारदा. माझी मोडली होती आणि ही नुसती टांगून राहिली होती. कविवर असते तर म्हणाले असते, ने बाई.

आणि एक विचारते. समज हं, नुसतं समज. एखादी वस्तू देवाच्या कामी आली आणि परत आली नाही, तर तुझं कलम देवालाही लागू होतं का?

तांदूळ निवडायचे राहिलेत. इथेच थांबते.

बौदी


पोस्टकार्ड
बेहाला, २८ फेब्रुवारी

बौदी,
देवालाही लागू होतं. छत्री उन्हात वाळवून ठेवा. ३ तारखेला दुपारच्या गाडीनं पोचतो.
भूपती


बेहाला
८ मार्च

श्रीचरणी बौदी,

सुखरूप पोचलो. दोन दिवसांत तुम्ही जे खाऊ घातलंत त्याची चव अजून जिभेवर आहे. गुळाचे लाडू गाडीत एका सहप्रवाशाला देऊन त्याचं मतपरिवर्तन केलं. तो आधी विरोधी पक्षाचा होता.

बोटाची जखम भरत आलीय. शिंगी माशाचा काटा वाईटच. तुम्ही हळद बांधलीत म्हणून निभावलं.

सही अजून केलेली नाही. घाई कशाला? परतताना गाडीत मी फार विचार केला. फोटोला आपण इतकं डोक्यावर का घ्यावं? फोटो म्हणजे एका क्षणी पडलेला उजेड. वस्तू त्यानंतरही जगते, सुकते, आकसते, रंग बदलते. लाकडाचं असं, तर गवताचं काय सांगावं. बोरू म्हणजे शेवटी गवतच. दोन महिन्यांत त्याचा आकार किंचित बदलला, टोक थोडं वेगळं दिसू लागलं, तर तो बदलला असं म्हणायचं की वाढला? युरोपातल्या मोठमोठ्या संग्रहालयांतही या प्रश्नावर विद्वानांचं एकमत नाही. कलम जरा कडक झालं, असं मला वाटू लागलंय.

तोवर बोरूची काचपेटी उघडू नका. आत हवा जाते. जवळून पाहूही नका, श्वासाची वाफ लागते. शक्यतो त्या खोलीतच जाऊ नका.

भूपती


श्रीदुर्गा सहाय
हिजलडांगा
१२ मार्च

कल्याणीय ठाकुरपो,

पत्र दोनदा वाचलं. मग पाकिटावरचं नाव पाहिलं, कुणा दुसऱ्याचं तर आलं नाही ना म्हणून. अक्षर तुझंच आहे. माझा दीर कुठे गेला? फ्रान्सातल्या राजाचं डोकं उडालं ते रास्तच झालं असं दर दुर्गापूजेला जेवताना सांगणारा, देवालाही कलम लावणारा, तो कुठे आहे? गवत वाढतं म्हणे. कापून बावीस वर्षं पेटीत ठेवलेलं गवत?

आणि शिंगी माशाचं म्हणशील तर मी स्वतः मासे खात नसले तरी रांधायला विसरलेले नाही. त्या रविवारी तुला मी रोहू वाढला होता. रोहूला शिंगीचा काटा कधी फुटला? दुपारी मी जरा आडवी झाले होते तेव्हा तू तळ्याकडे गेलास आणि परत आलास तो बोट धोतराच्या सोग्यात गुंडाळून. मी विचारलं तर मासा म्हणालास. मी हळद बांधली आणि गप्प बसले. लहानपणी तू लोणच्याची बरणी फोडलीस तेव्हाही मांजराचं नाव घेतलं होतंस, आणि तेव्हाही तुझा डावा कान असाच लाल झाला होता.

तेव्हा एक तर सही कर आणि मोकळा हो, नाहीतर पोटात काय आहे ते सांग. मला पुढच्या पावसाळ्याची लाकडं इथे भरायची की नाही, हे ठरवायचंय.

बौदी


बेहाला
१५ मार्च

श्रीचरणी बौदी,

आयुष्यात मी पाच वेळा तुरुंगात गेलो, पण आरोपीच्या पिंजऱ्यात आज पहिल्यांदाच उभा आहे, आणि फिर्यादीही मीच आहे.

त्या रविवारी तुम्ही झोपलात. मी यादी घेऊन पेटीपुढे बसलो होतो. किल्ली तुम्हीच दिली होती. मनात आलं, एकशे बारा वेळा ज्याचं नाव घेतलं तो बोरू एकदाही आपल्या हातात आलेला नाही. एक ओळ लिहावी. आजोबांचा हात कसा चालला असेल, ते आपल्या बोटांना कळावं. दौतीत बुडवला. पहिलं अक्षर टेकवलं आणि, तुम्हाला माहीतच आहे, मी लिहितानाही बोलतानासारखाच जोर लावतो. टोक मधोमध चिरलं ते थेट अर्ध्यापर्यंत. आवाजही झाला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

बौदी, त्यानंतर मी जे केलं त्याला माफी नाही. तुकडे खिशात घातले, तळ्याच्या काठी जाऊन दाढीच्या पात्यानं एक बोरू कापला, त्यात बोटही कापून घेतलं, तो चहाच्या चोथ्यात माखला आणि पेटीत ठेवला. मी, भूपती सरखेल, ज्यानं तीस वर्षं पोरांना सांगितलं की खोटा पुरावा हा इतिहासाचा खून असतो.

घराण्यातर्फे सही करायच्या कामाचा मी राजीनामा देतोय. सोमवारी पाकडाशींना सगळं लिहून कळवीन. दोष संपूर्ण माझा आहे असं लिहीन. पण तेवढ्यानं भागत नाही, ते मला कळतं. वस्तू बदलली की राखणदार जाणार, मग ती कुणीही बदललेली असो. वकिलांनी तेव्हा सुचवलं होतं की राखणदाराची चूक असेल तरच, एवढे चार शब्द घाला. मी म्हणालो, तत्त्वाला पळवाटा नसतात. टाळ्या पडल्या होत्या.

तुमची तळ्याकडची खिडकी माझ्या तत्त्वानं आणि माझ्याच बोटांनी घालवली. इथली मागची खोली तुमच्यासाठी रिकामी करतोय. अणिमानं माझी पुस्तकं जिन्यात नेऊन ठेवलीत. तिथून तळं दिसत नाही. समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते.

अपराधी
भूपती


तार
हिजलडांगा, १७ मार्च

पाकडाशींना लिहू नको. तू कविवरांचं काही मोडलं नाहीस. पत्र येतंय. बौदी


श्रीदुर्गा सहाय
हिजलडांगा
१७ मार्च

कल्याणीय ठाकुरपो,

तार करायला पोस्टात गेले तर शशधर म्हणाला, एवढ्या शब्दांत मास्तरबाबूंना कळेल का? म्हटलं, नाहीच कळणार, म्हणून पत्रही घे.

आता पाणी पी आणि वाच. तू मोडलास तो बोरू मी ९ फेब्रुवारीला विळीवर कापला होता. तो एक महिन्याचाही नव्हता. आणि तू त्याच्या जागी ठेवलास तो पाहून मला वाटलं, कुणी दातवण विसरून गेलं. मी तो त्याच संध्याकाळी काढला आणि दुसरा ठेवला. आता पेटीत आहे तो माझा.

फोटोतला बोरू तळ्यात आहे. सरस्वतीपूजेला देवीपुढे दौतीत दूध भरून त्यात बोरू ठेवतात, हे तुला ठाऊक आहे. आपल्या घरी तो कुठला ठेवतात, ते मात्र तू कधी पाहिलं नाहीस, कारण तुझं लक्ष त्या दिवशी खिचडीकडे असायचं. तुझे आजोबा आपला लिहिता बोरू ठेवायचे. वर्षभर ज्यानं लिहिलं तो देवीचा. दुसऱ्या दिवशी फुलांबरोबर, मूर्तीबरोबर तो तळ्यात जायचा आणि ते नवा घ्यायचे. म्हणायचे, जुन्या बोरूत मागच्या वर्षीचे शब्द अडकून राहतात. नवा कापून द्यायची तुझी आई. तळ्याकाठचा नळ, म्हणजे बोरूचं गवत, आणायची, भाजी चिरायच्या विळीवर बसायची आणि चार घावांत टोक काढायची. आजोबा गेले तेव्हा तू चार वर्षांचा होतास. त्यानंतरही तिनं रीत चालू ठेवली. मी आल्यावर दुसऱ्या वर्षी विळी माझ्याकडे दिली. म्हणाली, मुलांना सांगू नकोस, ते त्याचं काहीतरी मोठं करतील.

बासष्ट साली तू काचपेटीत ठेवलास तो बोरू सात आठवड्यांचा होता, ठाकुरपो. मी सांगायला तीनदा उठले. तू सव्वादोन तास बोललास. नंतर लोक जेवायला बसले आणि मला वाढायला जावं लागलं. तेव्हापासून दर सरस्वतीला पेटीतला देवीला आणि नवा पेटीत. तुझी एकशे बारा भाषणं बावीस बोरूंवर झाली. एकही बोरू तुला काही बोलला नाही.

यंदा तेवढं चुकलं. फोटो काढून झालेत, मोजमाप लिहून नेलंय, हे हाताला समजलंच नाही. शेहेचाळीस वर्षांची सवय. मूर्ती पाण्यात चालली होती, देवीचा मुकुट तेवढा वर होता, तेव्हा मला एकदम पाकडाशींचा चेहरा आठवला. फोटोतल्या बोरूला मधोमध काळी गाठ होती. मी सोळा नळ कापून पाहिले, तशी गाठ मिळाली नाही.

हे घर सुटू नये म्हणून मी गप्प बसले. तू गप्प बसलास ते का, ते तुझं तू बघ. पण आता दोघांनी गप्प बसायचं की नाही, ते तू सांग. सही तुझी आहे. पाकडाशी वयस्क आहेत, भिंग घेऊन आले तरी त्यांना गाठ दिसेलच असं नाही. मी चहाच्या पाण्यानं एक गाठ रंगवलीसुद्धा आहे. वाईट नाही दिसत.

बौदी


बेहाला
२१ मार्च

श्रीचरणी बौदी,

पत्र अणिमानं मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण पहिल्या पानानंतर मला चष्म्यातून दिसेना. बावीस बोरूंपाशी ती जमिनीवर बसली आणि हसू आवरेपर्यंत उठली नाही. पुस्तकं जिन्यातून परत आणतानाही हसत होती.

मी लिहिणार होतो की आईनं मला हे कधी सांगितलं नाही. मग आठवलं, मी तिला विचारलं कधी? ज्याला मी तलवार म्हणत होतो, ती तिच्या विळीवर तयार होत होती, आणि मी शेजारच्या खोलीत स्वातंत्र्याचा इतिहास पाठ करत होतो.

बौदी, मी सही करणार नाही. रागावू नका, शेवटपर्यंत वाचा. यादी खोटी आहे. ती तुम्ही खोटी केलेली नाही. आजोबांनी ज्या वस्तूला एका वर्षापेक्षा जास्त आयुष्य कधी दिलं नाही, तिला मी काचेत बंद करून अमर केलं, हा खोटेपणा माझा. तुमची रंगवलेली गाठ कदाचित पाकडाशींच्या डोळ्यांतून सुटेल. पण पुढच्या सरस्वतीपूजेला काय कराल? बोरू देवीला दिलात तर पेटी रिकामी, पेटीला ठेवलात तर देवी रिकामी. घर टिकवायला ती रीत मोडाल का? तुम्ही मोडणार नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणजे तुम्हाला दरवर्षी गाठ रंगवावी लागेल. माझ्या आईच्या हातची गोष्ट चोरासारखी करावी लागेल.

त्यापेक्षा खरं सांगा. तुमची खोली जाऊ शकते, हे मी जाणतो. सगळा धोका तुमच्या डोक्यावर आहे आणि मी दुरून सल्ला देतोय, याची मला शरम वाटते. तुम्ही नको म्हणालात तर आजपासून मरेपर्यंत हा विषय माझ्या तोंडून निघणार नाही, आणि मी काही मोडल्याचंही कुणाला कळणार नाही. पण सांगायचं ठरवलंत, तर सांगायचं तुम्हीच. जयंतीला पहिलं भाषण माझं छापलंय. ती वेळ मी तुम्हाला देतोय. अध्यक्षांना तसं कळवलंय.

मी येणार नाही. आलो तर बोलेन.

भूपती


श्रीदुर्गा सहाय
हिजलडांगा
२७ मार्च

कल्याणीय ठाकुरपो,

तू आला नाहीस हे ऐकून अर्धा मांडव आधी हळहळला आणि मग पाय पसरून बसला.

पत्र आल्यावर एक दिवस मी तुझ्यावर फार चिडले. दुसऱ्या दिवशी ती गाठ पुन्हा बघितली आणि राखेनं घासून काढली. काही फार मोठा विचार केला नाही. तुझी आई आठवली, एवढंच.

रविवारी अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं तेव्हा मी पदर खोचून उठले. पाकडाशी पहिल्या रांगेत होते, मांडीवर फोटोंचा गठ्ठा, हातात भिंग. मी सांगितलं. सुरुवातीला घोषालगिन्नींकडे बघून सांगितलं, नंतर सगळ्यांकडे. तुला लिहिलं तसंच, त्याहून थोडं कमी. तुझ्या दातवणाचं मी सांगणार नव्हते, पण ओघात निघून गेलं. हेडमास्तर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

अध्यक्ष मात्र उठले. म्हणाले, ही घराण्याची बेअब्रू आहे, पहिली वस्तूच बनावट निघाली, कलमाप्रमाणे या बाईंना आजच्या आज खोल्या खाली कराव्या लागतील. मला तळं दिसत होतं, तिथूनही दिसतं. मी पाकडाशींकडे बघितलं. त्यांनी फोटो हातात धरला आणि विचारलं की हा यातला बोरू नेमका आत्ता कुठे असेल. मी म्हटलं, घाटाच्या तिसऱ्या पायरीखाली, कुजला नसेल तर. त्यांनी विचारलं, कापायला किती वेळ लागतो. म्हटलं, बघता का?

मग विळी आणली. मी तिथेच व्यासपीठावर पाय मुडपून बसले, त्या हारांच्या आणि खुर्च्यांच्या मध्ये, आणि एक बोरू कापला. चार घाव. पाकडाशींनी तो घेतला, अंगठ्यावर टोक दाबून पाहिलं, कुणाकडून तरी दौत मागवली आणि यादीचं पान उघडलं. म्हणाले, "तुम्ही या घरात नसाल तर पुढच्या वर्षी हे कोण करेल?"

मी म्हटलं, "कुणालाच येत नाही. दिरानं करून पाहिलं, त्याचं तुम्ही ऐकलंच."

त्यांनी त्याच बोरूनं पहिल्या नंबरवर रेघ मारली आणि पुढे लिहिलं, जपून, एकेक अक्षर, कारण नवा बोरू शाई सांडतो. मग वाचून दाखवलं. "बोरू ही वस्तू नाही, घराची रीत आहे. दरवर्षी नवा होतो. करणारीनं घरात राहणं आवश्यक." अध्यक्ष म्हणाले, पण कलम? पाकडाशी म्हणाले, कलम वस्तूंसाठी आहे, वस्तू आता एकोणचाळीस आहेत, त्या मी सकाळीच ताडून पाहिल्या. सगळ्या जुळतात. छत्रीवर चिखलाचा डाग आहे, तो फोटोतही आहे.

तुझ्या कलमात पळवाट नव्हती, ठाकुरपो. त्या भल्या माणसानं यादीच बदलली. मी काल लाकडं भरली.

पण गोष्ट एवढ्यावर संपली नाही. त्यांना पुढचा रकाना भरायचा होता. विचारलं, तुमच्या आधी कोण करायचं? म्हटलं, सासूबाई. ते म्हणाले, नाव सांगा. मी म्हटलं, कनकबाला. आपल्या दिवाणखान्यात तुमचा एवढा मोठा वंशवृक्ष टांगलाय, त्यात सगळी पानं तुम्हा पुरुषांची. हे नाव या घरातल्या कुठल्या कागदावर मी कधी पाहिलं नव्हतं. ते त्यांनी लिहिलं. शाई वाळेपर्यंत आम्ही दोघं थांबलो. मग माझं विचारलं. क्षणभर मला सुचेना, सगळे बौदीच म्हणतात ना. सांगितलं, निभाननी. तेही लिहिलं.

शेवटी हुद्दा राहिला. त्यांनी विचारलं, काय लिहू, राखणदार लिहू का? मी म्हटलं, राखण कुत्रंही करतं. मग जागा मोकळी ठेवली आहे. मी सांगितलं की माझ्या दिराला शब्द सुचतात, त्याला विचारून कळवते. रकाना बोटभर रुंद आहे. तेव्हा नीट विचार कर आणि पोस्टकार्डावर पाठव. एकच शब्द.

तुझी
निभाननी